सोमवार पेठेतला भाडेकरू

त्याच्या शहराचं नाव सोमवार.
दुशंबे म्हणजे सोमवार, तो म्हणाला,
तिथे त्या दिवशी बाजार भरायचा, बस्स, एवढंच.
मग आमच्या पेठांची नावं ऐकून
दप्तराच्या पायरीवर पोट धरून हसला.
एका गावात अख्खा आठवडा!
थोपटेबाईंची मधली खोली त्याने
नुसत्या पत्त्यावरून पसंत केली.

नाव अस्लिद्दीन. बाई असलम म्हणायच्या,
वाणी रशियन म्हणायचा,
पोस्टमन काहीच म्हणायचा नाही, पत्रंच येत नव्हती.
डिसेंबरात त्याचा देश उरला नाही,
लाल पासपोर्ट तेवढा उरला.
तो त्याने खिडकीच्या फटीत खोचला,
वारा लागू नये म्हणून.

मी तेव्हा रोजंदारीवर मोडी वाचायचे,
तो समोर फारसी फर्मानं उतरून घ्यायचा.
डबा उघडला की शब्दांची अदलाबदल.
कागद तोच, गुन्हा तोच, दुश्मनही तोच निघाला.
तुतीला तूत म्हणायचा,
वाळवून, कुटून, पुडीत बांधून खायचा.
अडला एकदाच.
मी म्हटलं, काल रविवार पेठेत खून झाला.
त्याचा घास हातातच राहिला.
आमच्यात खून म्हणजे रक्त, तो म्हणाला,
नुसतं रक्त, चालत्याबोलत्या माणसाच्या अंगातलं.
तुम्हाला ते सांडल्यावरच दिसतं का?

उन्हाळ्यात गेला.
युद्ध त्याच्याच गल्लीपर्यंत आलं होतं.
चार पानांचं वर्तमानपत्र काढलं.
तिसऱ्या पानावर कविता, कधी त्याची, कधी कुणाची;
पहिल्या पानावर रात्री नेलेली माणसं,
बापाच्या नावासकट, गल्लीसकट,
पायात काय होतं त्यासकट.
दोन्ही बाजूंनी नेलेली,
म्हणून तो दोन्ही बाजूंना नकोसा.
पत्रात लिहिलं होतं,
हे तुमच्या कारकुनांकडून उचललं.
बैल हरवला तरी ते
शिंगं कशी होती ते लिहून ठेवतात.

त्यानंतर दिल्लीच्या एका प्राध्यापकाचं कार्ड आलं,
पाच महिने शिळं.
संध्याकाळी दार वाजलं.
कोण, असं न विचारता त्याने उघडलं.
वय एकतीस.
मला आधी आमचा अर्थ आठवला, मग त्याचा.
भाडेकरूचं सुतक नसतं,
तरी थोपटेबाईंनी त्या दिवशी फोडणी घातली नाही.

त्याची एक वही माझ्याकडे राहिली.
तीनशे वर्षांपूर्वीचा कारकून मला वाचता येतो,
ती वही येत नव्हती.
आता बोत्र्यांची ऋता तिकडेच डॉक्टर व्हायला गेली आहे,
स्वस्त पडतं म्हणे.
सुट्टीत आली तेव्हा तिच्यासमोर ठेवली.
तिला अक्षरं येतात, शब्द नाहीत.
मला शब्द येतात, अक्षरं नाहीत.
ती बोट ठेवून उच्चारत गेली, मी डोळे मिटून ऐकत गेले,
दोघींचा मिळून एक अडखळता वाचक.

मला कविता हवी होती.
निघालं रॉकेल, ब्लेड, वाण्याची उधारी.
मग एका पानावर दोनच ओळी, वर-खाली कोरं.
दर, ऋता म्हणाली. दार.
मध्ये काहीतरी, दोघींना न येणारं.
मग शीर.
शिरखुर्म्यातला शीर गं, मी म्हटलं. दूध.

पहाटे साडेपाचला थोपटेबाई
पातेल्याच्या कडेने त्याचं दार वाजवायच्या.
तो झोपेतच कडी काढायचा,
डोळे न उघडता हात पुढे करायचा.

दार वाजतंय.
दूध आलं असेल.

कविता होती की टिपण, सांगता येत नाही.
खाली भाडं बाकी, साठ रुपये.
आकडे मला वाचता आले.
बाई जाऊन बारा वर्षं झाली,
मधल्या खोलीत आता झेरॉक्सचं दुकान आहे.